आवाजी मतदानात आपला खासदार ओळखून दाखवा

आमच्या धंद्यात एक सोय फार छान आहे. प्रोग्रॅममधली कुठलीही ओळ घ्या, ती कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे अर्ध्या मिनिटात कळतं. गिटमध्ये त्यासाठी जी कमांड आहे तिचं नावच मुळी 'ब्लेम'! रात्री दोन वाजता सर्व्हरनं मान टाकली की सगळ्यात आधी तीच चालवतात. सात वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या माणसाचं नावही तिथे टिच्चून बसलेलं असतं.

मग डोक्यात किडा शिरला. कायद्याच्या ओळींना असं काही असतं का? म्हणजे ज्या कलमाखाली माणसाला जामीन मिळत नाही, पोलिसांकडे दिलेला जबाब पुरावा म्हणून चालतो, सहा-सहा महिने आरोपपत्राशिवाय आत ठेवता येतं, त्या कलमाला माझ्या खासदारानं हो म्हटलं की नाही? मी मूळचा जालन्याचा. पोटासाठी पुण्यात आलो (त्या दुसऱ्या 'पोटा'वर पुढे येतोच). तेव्हा म्हटलं, जालन्यापासूनच सुरुवात करू.

तर मंडळी, आधी यादी. १९७१ ला जालन्याचे खासदार काँग्रेसचे बाबूराव काळे. १९७७ च्या लाटेत पुंडलिक हरी दानवे. १९८० आणि १९८४ ला काँग्रेसचे बाळासाहेब पवार. १९८९ ला पुन्हा पुंडलिक दानवे, या वेळी भाजपकडून. १९९१ ला अंकुशराव टोपे (राजेश टोपेंचे वडील). १९९६ आणि १९९८ ला उत्तमसिंग पवार. मग १९९९ पासून तब्बल पाच वेळा रावसाहेब दानवे. आणि २०२४ ला काँग्रेसचे कल्याण काळे, लाखाहून जास्त मतांनी.

आता या यादीशेजारी दुसरी यादी ठेवा. १९७१ मिसा. १९८० राष्ट्रीय सुरक्षा कायदा. १९८५ टाडा. २००२ पोटा. २००४ ला पोटा रद्द, पण त्यातला बराचसा ऐवज युएपीएत. २००८ युएपीए आणखी कडक. २०१९ त्याहून कडक. २०२३ भारतीय न्याय संहिता आणि तिची दोन भावंडं. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या की पक्षांची जी कसरत दिसते ती सर्कशीतही बघायला मिळणार नाही.

मिसा आणला काँग्रेसनं. जनसंघानं त्याला विरोध केला. वाजपेयी त्यावर सभागृहात तुटून पडले होते. आणीबाणीत त्याच मिसाखाली देशभरात सुमारे ३५ हजार माणसं आत गेली. विरोध करणारे तर गेलेच. १९७७ ला जनता पक्ष आला आणि १९७८ मध्ये मिसा रद्द झाला. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण त्याच जनता सरकारनं मधल्या काळात विनाचौकशी स्थानबद्धतेची तरतूद थेट फौजदारी प्रक्रिया संहितेतच घालण्याचं विधेयक आणलं होतं! कालपरवा तुरुंगातून सुटलेली माणसं ही. आरडाओरडा झाला आणि ते मागे घ्यावं लागलं, हे नशीब.

१९८५ ला टाडा. दोन वर्षांसाठी म्हणून आलेला हा पाहुणा दहा वर्षं राहिला. १९८७ ला नव्यानं, मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, १९९३ ला आणखी एक (तेव्हा आमचे खासदार अंकुशराव टोपे), आणि शेवटी मे १९९५ मध्ये मुदत संपू दिली. १९९४ च्या मध्यापर्यंत ७६ हजारांहून जास्त लोकांना त्याखाली अटक झाली होती आणि शिक्षेचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली. आमच्याकडे एखादं मॉड्यूल शंभरातले अठ्ठ्याण्णव वेळा चुकीचा अलार्म देत असेल तर ते लिहिणाऱ्याला मीटिंगला बोलावतात. इथे कुणाला बोलवायचं?

आता पोटा. मंडळी, ही गोष्ट जरा निवांत सांगण्यासारखी आहे, कारण कुणी कुठं मत दिलं हे देशानं मोजून घेतलं असा हा मोठा प्रसंग.

अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, ऑक्टोबर २००१ मध्ये वाजपेयी सरकारनं अध्यादेश काढला. डिसेंबरात संसदेवरच हल्ला झाला. मार्च २००२ मध्ये विधेयक लोकसभेत पास झालं, पण राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. २१ मार्चला तिथे बाजूनं ९८, विरोधात ११३. विधेयक पडलं. मग सरकारनं घटनेतलं क्वचितच वापरलं जाणारं हत्यार काढलं, संयुक्त अधिवेशन. स्वतंत्र भारतातलं हे तिसरं. पहिलं १९६१ चं हुंडाबंदीसाठी, दुसरं १९७८ चं बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासाठी, आणि हे २६ मार्च २००२ चं. दोन्ही सभागृहं सेंट्रल हॉलमध्ये एकत्र बसली, दिवसभर भाषणं झाली आणि मतविभाजन झालं. बाजूनं ४२५, विरोधात २९६.

गंमत बघा. पोटाला विरोध करणाऱ्या काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार त्याच वेळी महाराष्ट्रात होतं, आणि त्यांच्या हातात मोक्का होता. मोक्का आणला १९९९ ला युतीनं, गोपीनाथ मुंडे गृहमंत्री असताना. त्यातही कडक जामीन, त्यातही पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा. सत्ता बदलली तरी आघाडीनं तो रद्द वगैरे केला नाही, मजेत वापरला. म्हणजे दिल्लीत जे तत्त्व म्हणून नको होतं ते मुंबईत सोय म्हणून चालत होतं. (उलट बाजूनं भाजपलाही हेच लागू आहे, निवांत व्हा, कुणाला सोडलेलं नाही :-) )

आणि वायको! तामिळनाडूचे हे नेते एनडीएत होते. पोटाच्या बाजूनं संसदेत उभे राहिले. चार महिन्यांत, जुलै २००२ मध्ये, जयललिता सरकारनं त्यांना त्याच पोटाखाली अटक केली आणि दीड वर्षाहून जास्त काळ ते आत होते. कायदा करताना तो दुसऱ्या कुणासाठी तरी आहे असं वाटणं ही सर्वपक्षीय सवय आहे.

२००४ ला यूपीए आली, पोटा रद्द झाला, आवाजी मतदानानं. पण त्याच दमात दहशतवादाची व्याख्या आणि त्यावरची शिक्षा युएपीएत घातली गेली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आणि कडक जामीन तेवढे वगळले. २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये, कडक जामीन परत आला आणि आरोपपत्राशिवाय १८० दिवसांची तरतूदही. मुंबई नुकतीच पेटून विझली होती, विरोधात बोलायची कुणाची छाती होती? लोकसभेत एका दिवसात काम झालं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लोकसभेत विधेयक मंजूर होतं कसं? अध्यक्ष विचारतात, बाजूनं असतील त्यांनी 'हो' म्हणा, विरोधात असतील त्यांनी 'ना' म्हणा. दोन्हीकडून आवाज येतो. अध्यक्ष कानानं मोजतात आणि सांगतात, 'हो'वाले जिंकले. संपलं. हेच आवाजी मतदान. कुणी त्याला हरकत घेतली तरच पुढची पायरी येते, म्हणजे लॉबी मोकळ्या करायच्या, घंटा वाजवायची, बटणं दाबायची आणि नावानिशी नोंद करायची. तेच मतविभाजन. नियम ३६७ मध्ये हे सगळं लिहिलंय. त्यातच एक खोच अशी की मतविभाजन विनाकारण मागितलंय असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना नुसतं जागेवर उभं राहायला सांगून मोजणी करू शकतात. तेव्हा आकडा मिळतो, नावं नाहीत. राज्यसभेत सप्टेंबर २०२० ला शेतीविषयक विधेयकांच्या वेळी मतविभाजनाची मागणी मान्य न होता आवाजी मतदान झालं, त्यावरून केवढा गोंधळ झाला हे आठवत असेलच.

घटनादुरुस्तीला मात्र ही पळवाट नाही. तिथे दोनतृतीयांश बहुमत लागतं, म्हणून मोजावंच लागतं. म्हणजे १९७८ ची ४४ वी दुरुस्ती, जिच्यामुळे आणीबाणीतही जगण्याचा हक्क गोठवता येत नाही, तिची नोंद माणसागणिक होते. पण माणसाला फाशी देणाऱ्या किंवा विनाजामीन आत ठेवणाऱ्या साध्या कायद्यासाठी कान पुरतात.

अमेरिकेत हे प्रकरण फार वेगळं आहे. तिथल्या घटनेतच आहे की हजर सदस्यांपैकी एकपंचमांशांनी मागणी केली की मतं नावानिशी नोंदवलीच पाहिजेत. १९९४ चा क्राइम बिल घ्या, शिक्षा वाढवणारा, तुरुंग बांधायला पैसा देणारा. त्यावर जो बायडन यांनी पुढाकार घेतला होता, बर्नी सँडर्स यांनी बाजूनं मत दिलं होतं. पंचवीस वर्षांनी, २०२० च्या निवडणुकीच्या आधी, दोघांनाही त्याचा जाब विचारला गेला. ब्रिटनमध्ये तर १८३६ पासून मतविभाजनाच्या याद्या छापतात. जालन्यात २०२४ च्या प्रचारात कांदा होता, सोयाबीनचा भाव होता, आरक्षण होतं, आणि ते सगळे प्रश्न खरेच होते. पण आदल्याच डिसेंबरात अख्खा दंडविधान बदलला गेला होता, तो प्रचारात विषय म्हणून टिकला नाही.

तो डिसेंबर जरा बघू. ११ ऑगस्ट २०२३ ला अमित शहांनी तीन विधेयकं मांडली. १८६० चा भारतीय दंड विधान, १८७२ चा पुरावा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता, तिघांना निरोप. ती स्थायी समितीकडे गेली. आणि इकडे तीन आठवड्यांत, १ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला. गावकरी जखमी, पोलीस जखमी, गाड्या जळाल्या, महाराष्ट्र बंद. गृहमंत्री फडणवीस यांनी माफी मागितली. पण आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले ते खुनाच्या प्रयत्नापासून ते ३५३ पर्यंत. हे गुन्हे मागे घ्या ही मागणी तेव्हापासून आंदोलनाच्या यादीत बसली ती बसलीच.

३५३ वर थोडं थांबायला हवं. तालुक्याच्या ठिकाणी वाढलेल्या माणसाला हा आकडा सांगावा लागत नाही. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. "त्याच्यावर तीनशेत्रेपन्न टाकला" म्हटलं की चहाच्या टपरीवर सगळ्यांना कळतं. इंग्रजांच्या मूळ कायद्यात याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. महाराष्ट्रानं त्यात आपली दुरुस्ती करून २०१८ पासून ती पाच वर्षांपर्यंत नेली आणि खटला सत्र न्यायालयात. कारणही अगदीच खोटं नव्हतं. तलाठी, वाळूमाफियांमागे लागलेले नायब तहसीलदार, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, यांना मारहाण होत होती आणि कर्मचारी संघटनांनी ही मागणी लावून धरली होती. पण पिकविम्यासाठी कार्यालयात घुसलेल्या शेतकऱ्यालाही तेच कलम लागायचं. त्या विधानसभेत जालना जिल्ह्याचे पाच आमदार होते, त्यातले दोघे, बबनराव लोणीकर आणि अर्जुन खोतकर, मंत्रिमंडळात. पाच वर्षांनी अंतरवालीत जे ३५३ लागलं ते याच घरचं, पाच वर्षांवालं. लंडनहून आलेलं नव्हे.

दिल्लीत पुढे काय झालं? १३ डिसेंबर २०२३ ला दोन तरुण प्रेक्षक गॅलरीतून लोकसभेत उतरले, धूर सोडला. गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधकांनी गोंधळ घातला, आणि निलंबनांचा पाऊस पडला. २० डिसेंबरला तीन विधेयकं मतांना आली तेव्हा लोकसभेचे ९७ सदस्य बाहेर होते. त्यात आपल्याकडच्या सुप्रिया सुळेही. आणि कायदे मंजूर झाले आवाजी मतदानानं. ५११ कलमांच्या जागी ३५८. त्यातलं संघटित गुन्हेगारीचं कलम १११ वाचून बघा, आपल्या मोक्काचीच चाल ओळखू येईल. मुंबईत १९९९ ला लिहिलेला कोड २४ वर्षांनी देशाच्या मेन ब्रँचमध्ये मर्ज झाला आणि लॉगमध्ये लेखकाचं नाव 'सभागृह'!

तेव्हा रावसाहेब दानवे रेल्वे राज्यमंत्री होते. आणि मंत्र्याचं मत शोधायची खरं तर गरजच नसते, घटनेप्रमाणे मंत्रिमंडळ सामूहिक जबाबदार असतं, विधेयक सरकारचं म्हणजे त्यांचंच. पण साध्या खासदाराचं काय? इथे एक योगायोग मला फार बोलका वाटतो. पक्षांतरबंदीची ५२ वी दुरुस्ती १ मार्च १९८५ ला लागू झाली आणि टाडा आला त्याच वर्षी मे महिन्यात. पहिल्या कायद्यानं व्हिप मोडणाऱ्याचं पद जाऊ शकतं असं ठरलं. म्हणजे माणसाला आत टाकण्याचे अधिकार वाढत होते नेमक्या त्याच वर्षी 'मला हे पटत नाही' म्हणणाऱ्या खासदाराची जागा आवळली गेली. आयाराम-गयारामवर औषध हवंच होतं, कबूल. पण ते विश्वासमत आणि अर्थसंकल्पापुरतं का ठेवलं नाही, फौजदारी कायद्यांना का लावलं, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तरीही नाव लागायचं तेव्हा लागतंच. आमच्या शेजारचंच उदाहरण. जुलै २०१९ मध्ये आधी एनआयएची दुरुस्ती आली, मग युएपीएची, ज्यात संघटनेलाच नाही तर एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी जाहीर करता येतं. एनआयएच्या वेळी ओवैसींनी मतविभाजन मागितलं. अमित शहा म्हणाले घ्याच, कोण कुठल्या बाजूला आहे ते देशाला कळू दे. निकाल २७८ विरुद्ध ६. युएपीएला २८७ विरुद्ध ८. दोन्ही वेळी विरोधातल्या मूठभरांत औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील होते. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, त्यांच्या मतदाराला त्यांचं मत माहीत आहे. आवडलं तर शाबासकी, नाही तर पाडा (२०२४ ला ते पडले, अर्थात कारणं वेगळी). काँग्रेसनं लोकसभेत सभात्याग केला आणि आठवड्याभरानं राज्यसभेत त्याच विधेयकाच्या बाजूनं मत दिलं. हेही नोंदलेलं आहे.

यात भूगोलाचा एक घोळ आहे तो जाता जाता सांगतो. फुलंब्री, सिल्लोड आणि पैठण हे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातले, पण खासदार जालन्याचा. उलट परतूर आणि घनसावंगी जालना जिल्ह्यात, पण खासदार परभणीचा. त्यामुळे 'आपल्या खासदारानं काय केलं' विचारायच्या आधी 'आपला खासदार कोण' इथूनच अर्ध्या लोकांची सुरुवात आहे.

विधानसभेत तर अंधार आणखी दाट. १० जुलै २०२५ ला जनसुरक्षा विधेयक आलं. शहरी नक्षलवादाच्या नावानं आणलेलं, सरकारनं बेकायदा ठरवलेल्या संघटनेच्या सदस्याला तुरुंग. बारा हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या, संयुक्त समिती बसली होती. विधानसभेत ते आवाजी मतदानानं मंजूर झालं. विरोध केला म्हणून एकच नाव घेतलं जातं, डहाणूचे माकपचे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. जालना जिल्ह्याच्या पाचही जागा २०२४ ला महायुतीकडे गेल्या, तेव्हा तिथलं पारडं उघडच आहे. पण विरोधी पक्षाच्या आमदारांच्या मतदारानं काय समजायचं? ओरडले, की गप्प बसले, की बाहेर चहा घेत होते?

आता काही लोक म्हणतील, माहिती तर खूप आहे की. आहेच. खासदाराची हजेरी किती टक्के, प्रश्न किती विचारले, हे सगळं संकेतस्थळांवर सुबक तक्त्यात मिळतं. मला यात आमच्या ऑफिसचा वास येतो. बायोमेट्रिकवर बोट किती वाजता लावलं याची नोंद चोख, दिवसभर काय केलं ते विचारू नका. उमेदवाराच्या शपथपत्रातही २००३ पासून त्याच्यावरचे गुन्हे कलमांसकट येतात. त्याच्यावर कुठली कलमं आहेत ते कळतं, आपल्यावर त्यानं कुठली आणली ते नाही.

आणि स्मरणशक्ती सरकारलाही असते, हवी तेव्हा. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्र सरकारनं २०१८ ला मानधन सुरू केलं, २०२० ला दुसऱ्या सरकारनं बंद केलं, २०२२ ला तिसऱ्यानं परत सुरू केलं. म्हणजे मिसाखाली कोण आत गेलं याची यादी तालुकावार, पुराव्यासकट, पेन्शनीच्या फायलीत आहे.

संसदेच्या जुन्या चर्चांच्या पीडीएफ आता घरबसल्या उघडता येतात. एखाद्या रविवारी वेळ असेल तर २६ मार्च २००२ चं संयुक्त अधिवेशन काढा. भाषणं संपल्यावर 'हो' आणि 'ना' अशा दोन याद्या येतात, पानंच्या पानं, आडनावं पहिली. आपला माणूस शोधायला मजा येते, मतपत्रिका मोजल्यासारखं वाटतं. मग २० डिसेंबर २०२३ काढा आणि शेवटाकडे जा. तिथे खंड, मग खंड, मग खंड, आणि प्रत्येकाखाली तेच एक वाक्य, प्रस्ताव स्वीकृत हुआ.